दोन बोटं उजवीकडं

तामलवाडी नाका,
१० दय १३५५ फसली

दोस्त बंडप्पा यास हैदरचा सलाम.

पत्र बघून म्हणशील, काहीतरी काम निघालं असणार, त्याबिगर हा जमादार दौतीत टाक बुडवत न्हाय. व्हय, काम आहे. पण आधी खुशाली सांगतो. खुशाली म्हणजे काय, सोलापूरकडनं गाड्या येतात, मी आडवा बांबू खाली करतो, आत काय आहे इचारतो, कारकून जकात घेतो, मी बांबू वर करतो. नऊ वर्षं झाली याला. आता बांबू वर गेला काय अन् खाली आला काय, मला काही वाटंना झालंय.

ताहेराबी तिकडं सोनारीत एकटी आहे. लेकी आपापल्या घरी. तिच्या पायाला सूज असती. पाण्याला जायचं तर शेजारणीची वाट बघत बसती. वर्षातनं दोनदा रजा मिळती, तेव्हा मी जातो, दोन दिवस पाणी भरतो अन् येतो. बदलीचे अर्ज लिहून लिहून हात दुखला. परंड्याच्या नाक्यावर जागा मिळाली तर रोज घरी जेवायला जाता येईल, एवढंच मागणं आहे.

आता काम. आमच्या जकातीच्या, करोडगिरी खात्याच्या बड्या मोहतमीम साहेबांना पिस्तुलाचा शौक जडलाय. फेब्रुवारीत धाराशिवला आमच्या खात्याची नेमबाजीची चांदमारी ठेवलीय. वीस वारांवर चांद, दहा गोळ्या, पिस्तूल ज्याचं त्यानं आणायचं. परवाना साहेब देणार. अन् जो जिंकेल त्याला इनामात काय, तर बदलीची जागा त्यानं सांगायची. साहेब भर कचेरीत बोललेत, आता मागं फिरायचे न्हाईत.

नळदुर्गच्या शिपायांच्या लाईनीत फकीर उस्तादांच्या हाताखाली आपण दोघं शिकलो. तू बंदुका दुरुस्त करायला लागलास अन् मी बांबू उचलायला. तवा तूच सांग, कोणतं पिस्तूल घेऊ? सस्तं पाहिजे, अन् ऐन वेळी दगा न देणारं पाहिजे. नाक्यावरचे म्हणतात सहा गोळ्यांचं विलायती घे, कमरेला शोभतं. नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी जरा जाड असली तर बरं. नजर माझी पहिल्यासारखीच आहे, सांगायचं म्हणून सांगतो.

तुझा,
हैदर

*

सोलापूर,
२० नोव्हेंबर १९४५

हैदरभाई, शरणु.

तुझं पत्र मिळालं. 'दय' म्हणजे कोणता महिना, हे कळायला मला दुकानात तिघांना विचारावं लागलं. इकडच्या माणसाला लिहिताना इकडचा महिना टाकत जा बाबा. माझं आता वय झालं, गुडघ्यानं आधीच जीव घेतलाय, त्यात तुझ्या निजामी महिन्यांची भर नको.

दुकानात सध्या तीन पिस्तुलं आहेत. लढाई संपली तरी विलायतेहून नवा माल येत नाही, त्यामुळं तिन्ही वापरलेली. नीट ऐक.

पहिलं तुझ्या नाकेवाल्यांच्या आवडीचं, सहा गोळ्यांचं. दणकट आहे, बिघडणार नाही. पण तुला ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड. चाप ओढायला बैलाचं बळ लागतं आणि झाडलं की मनगट वर उडतं. पहिल्या गोळीला तू हैदर असशील, सहाव्या गोळीला दुसराच कुणीतरी. शिवाय त्याच्या गोळ्या महाग. सरावच परवडला नाही तर पिस्तूल काय पूजेला ठेवायचंय?

दुसरं जर्मन. दिसायला देखणं. दुकानाचा शेठ त्याचे दीडशे कलदार रुपये सांगतो. त्याच्या आतली स्प्रिंग थकलेली आहे आणि तसली स्प्रिंग इथं कुणाकडं मिळत नाही. चौथ्या गोळीला अडकलं तर तू साहेबासमोर काय करणार, मला पत्र लिहिणार?

तिसरं कुणीच घेत नाही. लांब नळीचं, बावीस बोराचं, एकाच गोळीचं. झाडलं की उघडायचं, गोळी भरायची, मिटायचं, पुन्हा झाडायचं. मूठ लाकडी, कुणीतरी आपल्या हाताच्या मापानं तासलेली, ओबडधोबड. लोक बघतात आणि म्हणतात, याला कोण भिणार? अरे, पण तुला भिववायचंय कुणाला? चांद काही उलट गोळी झाडत नाही. चाप एकदम हलका आहे, नळीची आतली आटी शाबूत आहे, गोळी स्वस्त आहे. साठ कलदारात शेठकडून सोडवतो. पन्नास गोळ्यांची पेटी वेगळी.

तू हेच घे. शोभेचं पाहिजे असेल तर पगडी घे.

एक अट. पहिल्या दहा गोळ्या ज्यावर मारशील तो कागद मला पाठवायचा. उस्ताद म्हणायचे ते आठवतं ना, पिस्तूल कधी माणसाची चहाडी करत नाही, कागद करतो. ताहेरावहिनींना माझा नमस्कार कळव.

बंडप्पा

*

तामलवाडी नाका,
९ डिसेंबर १९४५ (बघ, तुझा महिना टाकलाय)

दोस्त बंडप्पा, सलाम.

तुमच्या दुकानचा माणूस पिस्तूल घेऊन परवा आला. हद्दीबाहेरनं आलेल्या जिनसावर जकात बसती, तवा माझ्याच नाक्यावर मीच त्याला अडवलं, परवाना बघितला, पेटी उघडून दाखव म्हणलं, अन् जकात माझ्याच खिशातनं भरली. कारकून हसून बेजार झाला. म्हणला, जमादार, नऊ वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही कुणाला तरी खरोखर तपासलंत.

पिस्तूल बघूनबी सगळे हसले. एक जण म्हणला, ही तर हुक्क्याची नळी आहे. मला राग आला न्हाय. राग यायलाबी दम लागतो. मूठ हातात धरली अन् वाटलं, ज्यानं कुणी तासली त्याचा हात माझ्याएवढाच असणार. चाप तू सांगितला तसाच आहे, बोट टेकवलं की काम होतं. तुझ्या पारखीला दाद देतो.

नाक्यामागच्या ओढ्यात मातीचा उंचवटा आहे, तिथं कागद लावून रोज सकाळी एखाद-दुसरी गोळी झाडतो. हात अजून बसंना. बसला की कागद पाठवतो.

अजून एक. जपून लिहीत जा. तुझी पत्रं कारकून आधी फोडतो, वाचतो, मग मला देतो. 'पगडी घे' हे त्यानं सगळ्यांना वाचून दाखवलं.

हैदर

*

सोलापूर,
२८ डिसेंबर १९४५

हैदरभाई,

कागद कुठं आहे? हात बसल्यावर पाठवलेला कागद मला नको. न बसलेला पाठव. वैद्याकडं जाताना कुणी बरं होऊन जात नाही.

बंडप्पा

*

तामलवाडी नाका,
१४ जानेवारी १९४६

दोस्त बंडप्पा,

वैद्याला कागद पाठवतोय, पण दुखणं माझं न्हाय, पिस्तुलाचं आहे. सोबत पिस्तूलबी परत पाठवतोय. नळीत बाक आहे. तूच बघ, दहाच्या दहा गोळ्या काळ्या ठिपक्याच्या डाव्या अंगाला. विखुरलेल्या असत्या तर म्हणलो असतो माझा हात कापतोय. पण सगळ्या जवळ जवळ आहेत, अन् सगळ्या दोन बोटं डावीकडं. चाळीस गोळ्या घातल्या मी यात, रोज हेच.

मी तुझ्यावर भरवसा ठेवून घेतलंय. राग मानू नको, पण तू घाईत बघितलं असशील. तुलाबी आता दिसायला कमी आलं असंल.

पेटीत दहाच गोळ्या राहिल्यात. नवी पेटी घ्यायची ऐपत न्हाय. त्या दहा चांदमारीसाठी ठेवतो. चांदमारी दहा फेब्रुवारीला आहे. तवर एवढं नीट करून दे. ताहेराबीला कळवून बसलोय मी, की उन्हाळ्यापातुर परंड्याला येतो म्हणून. तिनं परसातली चूल आत घेतलीय, दोघांचा सैपाक करायचा म्हणून. आता काय सांगू तिला?

हैदर

*

सोलापूर,
४ फेब्रुवारी १९४६

हैदरभाई, शरणु.

पिस्तूल पाहिलं. नळी उजेडाकडं धरून बघितली, दोऱ्यासारखी सरळ आहे. साफ केलं, तेल दिलं. एवढंच.

आमचा माणूस नऊ तारखेला दुसऱ्या कामानं धाराशिवला जाणार आहे. तो पिस्तूल तिथंच तुझ्या हातात देईल. नाक्यावर पाठवत बसलो तर वेळेत पोचायचं नाही.

एक गोष्ट मित्र म्हणून सांगतो, मान. उभा राहिलास की डोकं चालवू नको. जसं दिसेल तसं धर आणि झाड. हिशेब करू नको. उस्तादांची शपथ आहे तुला. डाव्या अंगाचं काय झालं, कशामुळं झालं, सगळं विसर.

माझी नजर ठीक आहे. विचारलंस म्हणून सांगितलं.

बंडप्पा

*

धाराशिव,
११ फेब्रुवारी १९४६

दोस्त बंडप्पा,

हरलो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्र उघडून तू उगा शोधत बसायचा न्हाईस.

आता कारकुनानं वाचलं तरी चालंल, अन् हे पत्र तर मी इथनंच टाकतोय. खरं सांगतो. माझा उजवा डोळा गेलाय. दसऱ्यापासनं त्यावर पडदा आल्यागत वाटत होतं, मी म्हणलं धुळीनं असंल. तुझ्याकडं पिस्तूल परत पाठवलं त्याच्या तिसऱ्या दिवशी गुळाची गाडी नाक्यावर आली. डाव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून तो चोळायला लागलो, अन् समोरची गाडी, बैल, गाडीवान, समदंच नाहीसं झालं. मी तसाच डोळा झाकून उभा ऱ्हायलो. गाडीवान म्हणला, जमादार, बांबू उचला की.

मग ध्यानात आलं. मी उजव्या हातानं धरत होतो, उजव्या डोळ्यानं बघतोय असं समजत होतो, अन् बघत होता डावा. म्हणून गोळ्या डावीकडं जात होत्या. नळीला बाक नव्हता. तुला दोष दिला, त्याची माफी मागतो. तुला लिवणार होतो. पण ते पत्र कुणाच्या हाती पडलं असतं अन् 'जमादाराला दिसत न्हाय' एवढं साहेबाच्या कानावर गेलं असतं, तर चांदमारी ऱ्हायली बाजूला, नोकरीच गेली असती.

मग म्या विचार केला. खोट दोन बोटांची आहे अन् रोज तेवढीच आहे, तर तिची भरपाई करता येती. जिथं काळा ठिपका दिसतो त्याच्या दोन बोटं उजवीकडं धरायचं. वीस दिवस रोज सकाळी रिकामा हात लांब करून तेवढाच सराव केला. तू लिवलंस हिशेब करू नको. मला वाटलं, तुला काय ठाऊक माझं दुखणं. तुझं ऐकलं न्हाय.

काल उभा ऱ्हायलो. साहेब खुर्चीवर बसलेले. हात जरासुदिक हलला न्हाय, बंडप्पा. इतका शांत हात मला तिशीतबी नव्हता. दहा गोळ्या झाडल्या, दर वेळी उघड, भर, मिट. एकदाबी अडकलं न्हाय तुझं पिस्तूल. कागद आणला तवा दहाच्या दहा भोकं एका रुपयाखाली झाकतील इतकी जवळ. अन् ठिपक्याच्या उजवीकडं. बरोबर दोन बोटं.

साहेब हसून म्हणले, जमादार, शेजारच्याचा चांद मारला की तुम्ही. नळदुर्गकडचा सादिक म्हणून जवान आहे, त्याच्या गोळ्या सगळीकडं सांडल्या होत्या, पण चार ठिपक्यात बसल्या. तो जिंकला. त्यानं लातूरची जागा मागितली.

रात्रभर एकच कोडं घोळत होतं. डोळ्याची खोट मी बरोबर भरून काढली, मग उजवीकडं का गेल्या? डावा डोळाबी फिरायला लागला का माझा? मला हरल्याचं तितकं वाटत न्हाय जितकं याचं वाटतंय. दोन्ही डोळे गेले तर त्या सुजल्या पायाच्या बाईला मी आणखी एक ओझं होऊन जाणार. तू कागद वाचणारा आहेस. कागद सोबत पाठवतोय. खरं काय ते सांग, लपवू नको.

हैदर

*

सोलापूर,
१७ फेब्रुवारी १९४६

हैदर,

तुझा डावा डोळा ठणठणीत आहे. आधी हे वाच, दोनदा वाच, मग पुढचं वाच.

दोष माझा आहे.

तुझा पहिला कागद आला त्या दिवशी मी तुझ्या पिस्तुलानं आमच्या मागच्या भिंतीवर पाच गोळ्या झाडल्या. पाचही ठिपक्यात गेल्या. मग तुझा कागद घेऊन बसलो. इतक्या जवळ जवळ मारणाऱ्याचा हात चुकत नसतो, आणि पिस्तूल तर चुकलं नव्हतंच. उरला डोळा. तू पहिल्याच पत्रात जाड माशी मागितली होतीस, नजर पहिल्यासारखी आहे असं न विचारता सांगितलं होतंस. तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

पण लिहू कसं? तुझी पत्रं फुटतात. माझा गुडघा गेला तेव्हा मी भोळेपणानं सगळ्यांना सांगत सुटलो आणि महिन्याच्या आत मला लाईनीतून काढलं, हे तू डोळ्यानं बघितलंस. तुझ्या डोळ्याची गोष्ट माझ्या हातून कागदावर जायला नको होती. म्हणून मी गुपचूप पिस्तुलाची माशी खाचेतून ठोकून सरकवली. तुझ्या कागदावर मोजून, बरोबर दोन बोटांची. तू जसं दिसेल तसं धरलं असतंस तर गोळी ठिपक्यात गेली असती. म्हणून लिहिलं हिशेब करू नको. आणि कारकुनाला सुगावा लागू नये म्हणून 'तेल दिलं' एवढंच लिहिलं.

दोन बोटं मी सरकवली, दोन बोटं तू सरकवलीस. तुझी खोट एकाच भरपाईत फिटली होती. दुसरी भरपाई वाया गेली आणि तुला घेऊन गेली.

तुझा कागद दुकानात सगळ्यांनी बघितला. शेठसुद्धा म्हणाला, असा कागद आपण बघितलेला नाही. मी मागं जाऊन बसलो. मला रडू आलं हैदर, या वयात. एका शब्दाचं काम होतं. तू सांगितलं असतंस, नाहीतर मी.

म्हण तर मी मोटारीनं धाराशिवला येतो, साहेबांपुढं उभा राहतो आणि सगळं सांगतो. गुडघ्याचं काय व्हायचं ते होऊ दे.

बंडप्पा

*

सोनारी,
६ मे १९४६

दोस्त बंडप्पास हैदरचा सलाम.

तीन महिने पत्र न्हाय म्हणून तू काळजीत असशील, न्हाईतर तुला वाटत असंल की मी रागावलो. रागावलो न्हाय. तुझं पत्र मिळालं त्या दिवशी पहिल्यांदा मी डावा डोळा उघडा ठेवून अन् उजवा झाकून नाक्यावरची पाटी वाचली, अक्षर न् अक्षर. मग पोटभर जेवलो. साहेबांपुढं तू येऊन काय झालं असतं? निकाल तर लागला होता. अन् मी तरी कुणावर रागवू, लपवाछपवी आपण दोघांनीबी केली, माझ्याच भल्यासाठी.

मार्चमध्ये साहेबांना कळलंच. कुणी सांगितलं ते इचारत बसलो न्हाय. डाक्तरनं डोळा बघितला, कागद लिवला, अन् मला रजा दिली, कायमची. पेन्शन पगाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी आहे. जायच्या दिवशी बांबू एकदा खाली केला, वर केला अन् मोटारीत बसलो.

इथं काय, सकाळी पाणी भरतो. काळभैरवाच्या देवळातली वानरं पत्र्यावर नाचतात, ताहेराबी त्यांना शिव्या देती, अन् त्यांच्यासाठी भाकरीचा तुकडाबी ठेवती. पेन्शनीत भागायचं न्हाय, म्हणून लिंबाजी पाटलाच्या मळ्यावर राखणीला जाणार आहे. राखणीला एक डोळा पुरतो.

ताहेराबीला मी सगळं सांगितलं. पिस्तूल, चांदमारी, तुझी दोन बोटं, माझी दोन बोटं. ती भाकरी थापत ऐकत होती. शेवटाला म्हणली, "नऊ वर्षं मला सांगत ऱ्हायलाव, जागा मिळाली की येतो. घरी यायला चांद मारावा लागतो, हे मला ठावं नव्हतं. तामलवाडीवरनं मोटार तर रोज सुटत होती." तुला येतंय का काही उत्तर?

नोकरीबरोबर परवाना गेला, म्हणून पिस्तूल तुमच्या दुकानी पाठवतोय. ठेवून काय करू. चांगलं आहे ते, तू चांगलंच निवडलं होतंस. जेवढे येतील तेवढ्याला विक. पण विकायच्या आधी माशी आठवणीनं मधी आणून ठेव. घेणाऱ्याचे दोन्ही डोळे शाबूत असतील, त्याला माझी खोट कशाला?

तू परत पाठवलेला चांदमारीचा कागद तेवढा ठेवून घेतलाय. काल ताहेराबीला दाखवला. तिला यातलं काय कळतं. उजेडात धरून त्या दहा भोकांवरनं बोट फिरवत बसली, अन् म्हणली, "समद्या एकाच जागी लागल्यात की."

व्हय म्हणलं, जागा तेवढी चुकली.

तुझा,
हैदर